टेक्स्चर पॅक चांगला कशावरून ठरतो? (माइनक्राफ्ट)

दगडफूल (धागाकर्ता)

इथे अधूनमधून "माइनक्राफ्टचा सगळ्यात भारी टेक्स्चर पॅक कोणता" असा प्रश्न येतो (टेक्स्चर पॅक म्हणजे या ठोकळ्यांच्या खेळातल्या ब्लॉकवरची चित्रं बदलणारा फाइलींचा संच) आणि खाली नुसत्या नावांची रांग लागते. कुणी फेथफुल म्हणतं, कुणी जॉन स्मिथ, कुणी स्फॅक्सचा कार्टूनवाला, आणि एक जण हमखास "५१२ टाक, शेडर लाव, खरं जग दिसतं" असं लिहून जातो (५१२ म्हणजे ब्लॉकच्या चित्राची पिक्सेलमधली बाजू, शेडर म्हणजे उजेड-सावली खरी भासवणारी जोड). का चांगला, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

भांडायला सोपं जावं म्हणून माझं मत आधीच मांडतो. पॅक एका ब्लॉकवर जोखू नये, भिंतीवर जोखावा. डाउनलोडच्या पानावरची चित्रं बहुतेक वेळा एखाद्या सजवलेल्या खोलीची, जवळून काढलेली असतात. दुकानात बाथरूमची एकच टाइल हातात घेऊन पसंत करावी, तसा हा प्रकार. घरी शंभर लावल्यावर कळतं की प्रत्येकीच्या कोपऱ्यात तो एक तपकिरी डाग आहे.

खेळाचं मूळ टेक्स्चर १६×१६ चं, म्हणजे सगळे मिळून २५६ पिक्सेल. त्यातला एकच पिक्सेल बाकीच्यांपेक्षा बराच उजळ ठेवला तर सुट्या ब्लॉकवर तो छान चमक आणतो. वीस बाय वीसच्या भिंतीवर तोच पिक्सेल चारशे वेळा आणि सरळ रांगेत येतो. मग दगड राहतो बाजूला, ठिपक्यांची जाळी तेवढी दिसते. माती, वाळू, साधा दगड असे काही ब्लॉक खेळ आपणहून फिरवून लावतो, त्यामुळे तिथे रांग थोडी मोडते. कोबलस्टोन, विटा, फळ्या यांना ती सवलत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. खेळ ब्लॉकच्या बाजूंना स्वतःच छटा देतो. वरची बाजू पूर्ण उजळ, उत्तर-दक्षिण ८० टक्के, पूर्व-पश्चिम ६०, तळ ५०. हे सगळं तुमच्या चित्रावर चढतं. त्यामुळे ज्या पॅकमध्ये प्रत्येक दगडाखाली गडद सावली आणि वर पांढरी कड रंगवलेली असते, तिथे सावलीवर सावली बसते आणि पश्चिमेची भिंत काळवंडलेली दिसते. सावली रंगवूच नये असं नाही, पण हात राखून.

तिसरी गोष्ट लांबून दिसण्याची, आणि हिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सेटिंगमध्ये मिपमॅप नावाची पट्टी असते, ती शून्य ते चारपर्यंत जाते. प्रत्येक पायरीला चित्र निम्मं होतं: १६ चं ८, मग ४, मग २, मग १. म्हणजे पुरेसं लांब गेलं की ब्लॉकचा एकच पिक्सेल उरतो, त्या टेक्स्चरचा सरासरी रंग. समोरचा डोंगर तुम्ही दगड म्हणून बघत नाही, त्या सरासरी रंगाचा ढीग म्हणून बघता. काही पॅकमध्ये दगड, ग्रॅव्हल (खडी) आणि अँडेसाइट (एक राखाडी दगड) यांचे सरासरी रंग एकमेकांना इतके चिकटतात की डोंगर सपाट पुठ्ठा होतो. जवळ गेल्यावर मात्र प्रत्येकाची नक्षी अप्रतिम.

आता रिझोल्यूशन. ५१२ चा एक ब्लॉक म्हणजे १६ च्या १०२४ पट पिक्सेल. मेमरीत उघडल्यावर १६ चं चित्र साधारण १ केबीचं असतं, ५१२ चं १ एमबीचं. अशी शेकड्यांनी चित्रं. एवढं करून घराचा आकार चौकोनीच. मीटरभर लांबीच्या ठोकळ्यावर फोटोसारखा दगड चिकटवला की ठोकळा जास्तच ठोकळा वाटतो, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली या.

चिंगूस_क्रीपर

आलो.

१६ च पुरे, याला अनुमोदन. पण "भिंतीवर जोखा" हा नियम लावला तर २०१९ च्या आधीचा मूळ माइनक्राफ्ट नापास होतो. जुनं ग्रॅव्हल आठवा, जुनं नेदररॅक (नेदर या खेळातल्या नरकासारख्या जगाचा लाल दगड) आठवा. नेदररॅक म्हणजे लाल रंगाचा निव्वळ गोंगाट होता. तरी लोकांनी त्यात वर्षानुवर्षं काढली, आणि १.१४ या आवृत्तीत मोजांगच्या (खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या) कलाकाराने, जास्पर बुर्स्ट्राने, सगळी टेक्स्चर नव्याने केली तेव्हा अर्ध्या जगाने गळा काढला. शेवटी मोजांगने जुनी टेक्स्चर 'प्रोग्रामर आर्ट' नावाचा पॅक करून खेळातच ठेवली. मी अजून तीच लावतो.

नेदररॅक डोळ्यांना त्रास देतं हे खरं. नेदरमध्ये डोळ्यांना त्रास नको तर काय हवं?

दगडफूल

चिंगूस, हा मुद्दा मला आवडला, पण तुम्ही तिथे त्रास शोधायला जाता आणि बाकीचे क्वार्ट्झ शोधायला जातात. जुन्या नेदररॅकमध्ये क्वार्ट्झचे पांढरे दाणे शोधताना डोळे ताणावे लागायचे. नव्यात पार्श्वभूमी शांत केली आहे, म्हणून खनिज चटकन दिसतं. वातावरण दोन्हीत आहे. फरक एवढाच, की नव्या टेक्स्चरमध्ये कोणती गोष्ट पुढे यावी आणि कोणती मागे राहावी हे ठरवलेलं आहे.

मयूरी_ब

शेवटच्या वाक्यासाठी +१. माझ्या धाकट्या भावाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याच्यासाठी "कोणती गोष्ट पुढे यावी" हा शोभेचा प्रश्न नाही. पूर्वी लोखंड, सोनं, रेडस्टोन अशा खनिजांचे ठिपके जवळपास एकाच आकाराचे होते, बदलायचा तो फक्त रंग. २०२१ साली १.१७ मध्ये मोजांगने खनिजांचे आकार वेगळे केले, ते रंगांधळ्या खेळाडूंना ओळखता यावेत म्हणून. आणि आजही कितीतरी पॅकवाले ते पुन्हा एकाच साच्यातून काढतात, का तर "एकसारखं छान दिसतं"!

माझी चाचणी साधी आहे. पॅकचा स्क्रीनशॉट घ्यायचा, रंग काढून टाकून राखाडी करायचा आणि बघायचं की खनिजं ओळखू येतात का. लाव्हा आणि मॅग्मा ब्लॉक वेगळे कळतात का. कच्चं आणि भाजलेलं मांस वेगळं कळतं का. यात जो नापास झाला तो पॅक आमच्या घरी चालत नाही, मग तो कितीही देखणा असो.

बांधकाम_विभाग

मी फक्त क्रिएटिव्हमध्ये (सगळे ब्लॉक हवे तेवढे मिळणाऱ्या प्रकारात) घरं, पूल, गावं बांधतो. मला खनिजं शोधायचीच नाहीत, त्यामुळे माझं गणित वेगळं.

बांधकाम करणारा ब्लॉकचं नाव बघत नाही, पोत आणि रंग बघतो. मशरूमच्या देठाचा ब्लॉक आम्ही चुन्याची भिंत म्हणून वापरतो, मेलेलं कोरल झिजलेला दगड म्हणून. ट्रॅपडोअर तर खिडकीच्या झडपेपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत कशालाही चालतो. म्हणून माझ्यासाठी चांगला पॅक तो, ज्यात ब्लॉक एकमेकांत मिसळतात. पॅकवाल्याने उत्साहाच्या भरात बॅरलवर लोखंडी पट्ट्या, खिळे आणि वर दारूच्या कंपनीचा शिक्का रंगवला, की ते बॅरल फक्त बॅरलच राहतं. माझ्या हातातून एक ब्लॉक गेला.

जॉन स्मिथ मला आवडतो, पण त्यात जे बांधाल ते थोडं जुनाट, मळकं, मध्ययुगीन दिसणारच. कॉन्क्वेस्टचंही तेच. त्यात किल्ला बांधा, रेल्वे स्टेशन बांधू नका. हा दोष नाही, पण पॅक निवडताना आपण एक काळसुद्धा निवडतोय हे माहीत असावं. ज्यांना तसं बांधून घ्यायचं नाही त्यांच्यासाठी पूर्वी पेंटर्ली पॅक होता. त्याच्या साइटवर जाऊन प्रत्येक ब्लॉकचे चार-पाच नमुने बघून आपला पॅक आपण जुळवायचा. आता व्हॅनिला ट्वीक्सवर छोटे छोटे बदल तसेच निवडता येतात: आगीच्या ज्वाळा खाली करा, काच स्वच्छ करा, वगैरे. खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांना पूर्ण पॅक नकोच असतो. मूळ टेक्स्चरमधल्या चार गोष्टी खटकत असतात, तेवढ्या बदलल्या की झालं.

कोल्हापुरी_गोलेम

दगडफूल भाऊ, ५१२ ला इतकं पण बोलू नका. आमच्याकडं एक मित्र पॅरॅलॅक्सवाला पॅक आणि शेडर लावून खेळतोय, विटांच्या मधल्या फटी खरंच आत गेल्यासारख्या दिसतात. तुम्ही म्हणताय ठोकळा जास्त ठोकळा वाटतो, तो प्रश्न चपट्या फोटोचा आहे. उंचसखलपणाची माहिती वेगळ्या चित्रात दिली आणि उजेड शेडरनं पाडला तर सावली रंगवायचीच गरज नाही. तुमचा दुसरा मुद्दा तिथंच सुटतोय की.

दगडफूल

हे मान्य. तिथे सावली उजेडाप्रमाणे हलते, म्हणून फसवणूक टिकते. पण मग मूल्यमापन फक्त पॅकचं राहत नाही. पॅक, शेडर आणि ग्राफिक्स कार्ड या तिघांचं होतं. शेडर बंद करून तोच पॅक बघा. बऱ्याच वेळा खाली अगदी फिकट, निर्जीव दगड असतो. मला असा पॅक अर्धा वाटतो.

कोल्हापुरी_गोलेम

अर्धा तर अर्धा, उरलेला अर्धा लै भारी हाय.

अप्पांचा_लॅपटॉप

चर्चा वाचतोय, कळतंय निम्मं. माझी मुलगी (इयत्ता सहावी) फोनवर खेळते. तिने कुठल्याशा साइटवरून पॅक उतरवला, तो चालत नाही म्हणून रडारड झाली आहे. फाइल झिप आहे. फोन चार जीबी रॅमचा. कुणी साध्या भाषेत सांगेल का?

मयूरी_ब

अप्पा, माइनक्राफ्ट दोन प्रकारचं असतं. कॉम्प्युटरवर जावा आणि बेडरॉक दोन्ही चालतात, फोनवर फक्त बेडरॉक. दोघांच्या पॅकची आतली मांडणी वेगळी, त्यामुळे जावाचा झिप पॅक फोनवर थेट चालत नाही. बेडरॉकच्या पॅकची फाइल 'एमसीपॅक' या शेपटीची असते, ती उघडली की खेळ स्वतःच आत घेतो. तिला तोच पॅक हवा असेल तर बनवणाऱ्याने बेडरॉकची आवृत्ती काढली आहे का ते बघा. फेथफुलची आहे.

चार जीबीच्या फोनवर १६ किंवा ३२ च्या वर जाऊ नका. आणि ज्या साइटवर डाउनलोडची पाच हिरवी बटणं असतात तिथून काहीही घेऊ नका. एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) घ्यायला सांगत असेल तर लगेच बंद. टेक्स्चर पॅकला एपीके कधीच लागत नाही.

अप्पांचा_लॅपटॉप

पाच हिरवी बटणं! अगदी तीच साइट. धन्यवाद ताई.

फुटकी_वीट

मी स्वतः पॅक बनवते (छंद म्हणून, कुठे प्रसिद्ध वगैरे नाही). वरची चर्चा बघणाऱ्याच्या बाजूने झाली, म्हणून करणाऱ्याच्या बाजूने थोडं.

दगडफूल म्हणतात ती जाळी दिसू नये यासाठी करायची पहिली गोष्ट म्हणजे ऑफसेट. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ चं चित्र आडवं-उभं आठ-आठ पिक्सेल सरकवायचं, बाहेर जाणारा भाग दुसऱ्या बाजूने आत येईल असं. चारही कडा मधोमध येतात आणि जोड कुठे उघडा पडलाय ते लगेच दिसतं. तिथे दुरुस्ती करून परत सरकवायचं. मग त्याच चित्राची चार बाय चारची भिंत करून स्क्रीनपासून लांब उभं राहायचं. डोळे बारीक केले आणि एखादी रेघ किंवा ठिपका वर आला, तर तो पिक्सेल दोषी.

दुसरं म्हणजे रंग मोजके. दगडाला चार-पाच छटा पुरतात. नवशिके एकच राखाडी घेऊन त्यात काळा आणि पांढरा मिसळत जातात, त्यामुळे सगळं सिमेंटसारखं मेलेलं दिसतं. गडद छटा किंचित निळ्या-जांभळ्याकडे आणि उजळ छटा किंचित पिवळ्याकडे नेली की दगडात जीव येतो. फळ्यांना तर हे फारच लागू.

तिसरं, आणि इथेच सगळे पॅक अर्धवट सुटतात: संख्या. सुरुवातीला दगड, माती, लाकूड करताना मजा येते. मग सोळा रंगांची लोकर, सोळा रंगांचं काँक्रीट, सोळा रंगांची चकचकीत टेराकोटा, जिची नक्षी चार ब्लॉक मिळून पूर्ण होते. मग तांब्याचे गंजत जाणारे सगळे टप्पे. चाळीस ब्लॉक एका शैलीत आणि उरलेले मूळ खेळातले, असा पॅक वापरताना पदोपदी ठेच लागते. मला विचाराल तर साधा पण पूर्ण पॅक हा सुंदर पण अर्धवट पॅकपेक्षा वरचा.

चिंगूस_क्रीपर

फुटकी_वीट, प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला.

एक शंका. काचेच्या चौकटी मोठ्या खिडकीत एकमेकींत मिसळून जातात (जोडटेक्स्चर म्हणतात ती), ते पॅकमध्ये असणं चांगलं की वाईट? त्याला ऑप्टिफाइन किंवा कंटिन्युइटी मॉड (खेळात भर घालणारा जोडप्रोग्रॅम) लागतो. मॉड नसेल तर सगळी गंमत गायब.

फुटकी_वीट

असलं तर छानच, पण मॉड नसतानाही पॅक उभा राहिला पाहिजे. मी आधी साधी काच नीट करते, जोडवाली नंतर वर चढवते. उलट क्रमाने केलं की साध्या काचेकडे दुर्लक्ष होतं, आणि बहुतेक लोक नेमकी तीच बघतात.

जांभा_चिरा

थोडं अवांतर, पण मला बसाल्टबद्दल बोलायचंय. २०२० साली १.१६ मध्ये नेदरमध्ये बसाल्ट आला. त्याच्या बाजूवर उभ्या रेघा आहेत, वरून मात्र वेगळी नक्षी. थंड होताना बसाल्टचे उभे खांब पडतात, तेच तिथे दाखवलंय. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर लगेच पटेल. पण कितीतरी पॅकमध्ये बसाल्ट म्हणजे गडद रंगवलेला साधा दगड! उभ्या रेघा गेल्या म्हणजे तो आडवा-उभा लावण्यातली गंमतही गेली. पॅक करणाऱ्याने मूळ ब्लॉक नेमका कशाचा आहे हे जरा बघावं, एवढंच.

माझ्या उद्योगाबद्दल: कोकणातलं चिऱ्याचं घर करतोय. जांभ्यासाठी सध्या १.१९ मधला पॅक्ड मड वापरतो, रंग बराच जवळ जातो, फक्त छिद्रं नाहीत. त्या एका ब्लॉकपुरता पॅक करायचा विचार आहे.

बांधकाम_विभाग

करा, मी घेईन. फक्त छिद्रं सगळ्या ब्लॉकवर त्याच जागी येऊ देऊ नका, नाहीतर चाळणी होईल. ब्लॉकस्टेटच्या (कोणत्या ब्लॉकला कोणतं रूप हे सांगणाऱ्या) फाइलमध्ये एकाच ब्लॉकला तीन-चार वेगळी चित्रं देता येतात आणि प्रत्येकाचं वजनही (ते किती वेळा दिसावं) ठरवता येतं. दोन चित्रं जवळजवळ बिनछिद्रांची ठेवा आणि त्यांचं वजन जास्त द्या. मोठ्या छिद्राचं एक, क्वचित दिसेल असं.

मुक्त_ठोकळा

कुणीच परवान्याचा विषय काढला नाही म्हणून काढतो. पॅक चांगला आहे का, यात "तो कुणाचा आहे" हेही येतं. दुसऱ्याची टेक्स्चर उचलून, रंग थोडा फिरवून, नवीन नावाने टाकलेले पॅक ढिगाने आहेत. बऱ्याच पॅकच्या अटींत पुन्हा वाटायला स्पष्ट मनाई असते.

ज्यांना मोकळेपणाने फेरफार करून शिकायचंय त्यांनी लुआंटी हे ठोकळ्यांच्या खेळांचं इंजिन बघावं (२०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं). इंजिन मुक्त आहे आणि टेक्स्चर पॅक बहुतेक खुल्या परवान्याचे. त्यावरच्या व्होक्सेलिब्रे या खेळाची टेक्स्चर पिक्सेल परफेक्शन नावाच्या पॅकवर आधारलेली आहेत. तो पॅक मुळात माइनक्राफ्टसाठीच केलेला, पण क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिला म्हणून दुसऱ्या खेळात जाऊन जगला. बंद परवान्याच्या पॅकचा कर्ता कंटाळला की पॅक तिथेच संपतो.

दगडफूल

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, चांगला आहे. पुढची आवृत्ती आली, नवे ब्लॉक आले आणि कर्ता गायब, ही बहुतेक जुन्या पॅकची कहाणी. त्यातून फुटकी_वीट म्हणतात तो अर्धवटपणा आपोआप येतो.

अप्पांचा_लॅपटॉप

परत मीच. मुलीने वरची चर्चा वाचली आणि आता तिला स्वतःचाच पॅक करायचाय. माझ्या लॅपटॉपवर जावा घेतलंय. तिने दगड आणि ओकच्या फळ्या रंगवल्या. पण सेटिंगमध्ये पॅक लाल दिसतो, "जुन्या आवृत्तीसाठी" असं म्हणतो. आणि चालू केला तरी काहीच बदलत नाही. कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवरून केलंय.

फुटकी_वीट

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल रंग येतो तो 'पॅक डॉट एमसीमेटा' या फाइलमधल्या आकड्यामुळे. तिथे पॅक फॉरमॅट म्हणून एक अंक असतो, १.१२ ला तो ३ होता, १.१३ ला ४, पुढे वाढत गेला. तुमच्या आवृत्तीचा अंक टाका, लाल जाईल.

काहीच बदलत नाही याचं कारण बहुधा फोल्डर. १.१३ मध्ये फोल्डरचं नाव 'ब्लॉक्स' होतं ते 'ब्लॉक' झालं, आणि अनेक फाइलींची नावंही बदलली. जुन्या व्हिडिओत जुनी नावं असणार. खेळाची स्वतःची जार फाइल (झिपसारखीच असते) उघडून आतली नावं बघा आणि तशीच ठेवा.

पुढचा ब्लॉक म्हणून तिला गवत करू दे. पडद्यावर सर्वात जास्त तेच दिसतं, आणि ते बदललं की पॅक आपला वाटायला लागतो. फक्त वरचं गवत हिरवं रंगवू नका. ती फाइल मुद्दाम राखाडी असते, हिरवा रंग खेळ बायोमप्रमाणे (जंगल, वाळवंट अशा प्रदेशाप्रमाणे) वरून चढवतो. हिरव्यावर हिरवा चढला की शेवाळ होतं. ओकच्या पानांचंही तसंच. पाण्याला सध्या हात लावू नका, त्या एका फाइलमध्ये एकाखाली एक बत्तीस चित्रं असतात आणि सगळी एकमेकांना जुळावी लागतात.

अप्पांचा_लॅपटॉप

लाल गेला. फळ्या दिसायला लागल्या. गवत राखाडी का, यावर आता घरात वेगळा वाद सुरू आहे.